विजेने पाऊल उचलेल का?



पार्किन्सन्स या आजाराचे नाव घेतले की बहुतेकांना थरथरणारा हात आठवतो. पण हा आजार काही वर्षे अंगावर वागवलेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना विचारा. त्यांची खरी धास्ती पायांची असते. पावले आखूड पडू लागतात, पाय फरफटतात, वळताना तोल जातो आणि दाराच्या उंबऱ्याशी किंवा लिफ्टच्या तोंडाशी पाय एकाएकी जमिनीला खिळतात. हात थरथरला तर चहा सांडतो. पाय खिळला तर माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते आणि नंतर पुष्कळदा घराबाहेर पडणेच सुटते. या पायांसाठी गेली तीस वर्षे एका उपायाचा शोध चालू आहे. कवटी न उघडता, बाहेरून चुंबकाने किंवा सौम्य विद्युत्प्रवाहाने मेंदूला उत्तेजन द्यायचे, असा तो उपाय. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे आणि माझे म्हणणे मी आधीच सांगून टाकतो. वीज कोणाला चालायला लावत नाही. चालणे जेवढे परत मिळते तेवढे सरावाने मिळते. वीज त्या सरावाला हातभार लावू शकेल, अशी आशा धरायला जागा आहे. पण हातभार म्हणूनच तिची परीक्षा व्हायला हवी. स्वतंत्र औषध म्हणून तिची आजवर जी परीक्षा झाली, तिचा निकाल फारसा उत्साह वाढवणारा नाही.

चालताना नेमके काय बिघडते, ते आधी पाहू. लंडनच्या हॉक्स्टन भागात वैद्यकी करणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात सहा रुग्णांची वर्णने आहेत आणि त्यांतल्या काहींना त्यांनी फक्त रस्त्यात पाहिले होते. पुढे झुकलेले धड आणि चालता चालता आपोआप धावू लागणारी पावले, ही लक्षणे त्यांनी आजाराच्या व्याख्येतच घातली. पुढच्या संशोधनाने त्यामागचे कारण उलगडले. निरोगी माणूस चालताना पावलांचा विचार करत नाही. मेंदूच्या खोलात असलेला बेसल गँग्लिया हा केंद्रसमूह अशी सवयीची कामे परस्पर उरकतो आणि त्यासाठी त्याला मध्यमेंदूतून येणारे डोपामाइन लागते. पार्किन्सन्समध्ये डोपामाइन बनवणाऱ्या चेतापेशी झडत जातात. मग जे काम आपोआप होत होते त्यावर मेंदूच्या पुढच्या भागाला जातीने देखरेख करावी लागते. चालता चालता कोणी प्रश्न विचारला, की देखरेख विभागली जाते आणि पाऊल अडते ते यामुळेच. स्नायूंतले बळ मात्र शाबूत असते. २०१० साली नेदरलँड्समधील डॉक्टरांनी अशा एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली, ज्याला आधाराशिवाय चार पावले टाकणे मुश्कील होते पण जो सायकल उत्तम चालवत असे. जमिनीवर आडव्या पट्ट्या आखल्या तर खिळलेले पाय सुटतात, सपाट फरशीवर अडखळणारा माणूस जिना सहज चढतो, हेही दीर्घकाळ माहीत आहे. म्हणजे चालण्याची क्षमता नाहीशी झालेली नसते; तिच्यापर्यंत पोचण्याची नेहमीची वाट बंद झालेली असते आणि दुसऱ्या वाटा काही अंशी खुल्या असतात. बाहेरून मेंदू चेतवण्याच्या कल्पनेला अर्थ आहे तो याच वस्तुस्थितीमुळे, आणि तिच्या मर्यादाही यातूनच येतात.

औषधे आणि शस्त्रक्रिया असताना नव्या उपायाची गरज काय, असे कोणी विचारेल. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन देऊन निश्चल केले आणि लेव्होडोपा देऊन पुन्हा हलते केले. हे रिसर्पिन आपल्या सर्पगंधेच्या मुळातून मिळते. दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, जॉर्ज कॉट्झियस यांनी लेव्होडोपाच्या वाढत्या मात्रा देऊन रुग्णांमध्ये ठळक सुधारणा दाखवली आणि या आजाराचे चित्र बदलले. १९८७ मध्ये फ्रान्सच्या ग्रेनोबल शहरात आलीम-लुई बेनाबिद यांनी मेंदूत खोल तार बसवून सतत विद्युत्स्पंद देण्याची शस्त्रक्रिया पुढे आणली. दोन्ही उपाय थोर आहेत. हाताची थरथर, अंगाचा ताठरपणा, हालचालींचा मंदपणा यांवर ते चांगले काम करतात. परंतु तोल जाणे आणि पाय खिळणे यांच्याबाबत दोघांचाही जोर ओसरतो. ग्रेनोबलच्याच ४९ रुग्णांचा पाच वर्षांचा पाठपुरावा २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेचा एकंदर लाभ पाच वर्षे टिकला होता. पण गोळीचा असर चालू असतानाचे पाय खिळणे आणि तोल सांभाळणे या काळात खालावतच गेले होते. याचे कारण चालण्याच्या व्यवस्थेतच आहे. ती एका केंद्रात बसलेली नसते. मेंदूचा पुढचा भाग, बेसल गँग्लिया, लहान मेंदू, मेंदूचा देठ आणि मज्जारज्जू अशा अनेक ठिकाणी ती पसरलेली असते, आणि त्यांतली सगळी ठिकाणे डोपामाइनवर चालत नाहीत. एका जागी केलेला उपाय सगळीकडे पोचणे म्हणूनच अवघड आहे.

आता बाहेरून दिल्या जाणाऱ्या उत्तेजनाकडे वळू. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्याचे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले होते: बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीज निर्माण करते. १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन या ब्रिटिश संशोधकांनी डोक्यावरून थेट विजेचा जोरदार झटका देऊन हात हलवून दाखवला होता, पण तो प्रकार वेदनादायक होता. १९८५ मध्ये शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर प्रचंड प्रवाह सोडला. त्याचे चुंबकीय क्षेत्र कवटीतून विनासायास आत गेले, त्याने मेंदूच्या पृष्ठभागावर वीज निर्माण केली आणि हाताचा स्नायू वेदनेशिवाय आकसला. हेच स्पंद ठरावीक लयीत पुन्हापुन्हा दिले की त्याला टीएमएस उपचार म्हणतात. दुसरा प्रकार टीडीसीएसचा. जर्मनीतील ग्योटिंगेनच्या नित्शे आणि पाउलुस यांनी २००० मध्ये दाखवले, की डोक्यावर ओलसर इलेक्ट्रोड ठेवून अगदी क्षीण एकदिश प्रवाह काही मिनिटे दिला तर मेंदूच्या त्या भागाची उत्तेजनक्षमता बदलते आणि प्रवाह थांबल्यावरही थोडा काळ बदललेली राहते. उपचारात हा प्रवाह साधारण २ मिलिॲम्पिअर असतो आणि बैठक वीसेक मिनिटांची. त्याने पेशी पेटत नाहीत. त्या पेटण्याच्या थोड्या जवळ किंवा दूर सरकतात, एवढेच. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ज्या पेशींना त्याच वेळी दुसरे काही काम नाही, त्यांना नुसते सज्ज करून हाती काय लागणार, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

शरीररचनेची अडचणही लहान नाही. ज्या बेसल गँग्लियात बिघाड आहे तो मेंदूच्या खोलात आहे, आणि नेहमीच्या चुंबकीय वेटोळ्याचा जोर पृष्ठभागाखाली दोन-तीन सेंटिमीटरांत संपतो. हाताचे नियंत्रण करणारा भाग मेंदूच्या वरच्या बाजूला, सहज हाती लागेल असा आहे. पायाचा भाग मात्र दोन गोलार्धांमधल्या फटीत आत वळलेला आहे. थेट विजेच्या बाबतीत तर २०१८ मध्ये मृतदेहांवर केलेल्या मोजणीत असे आढळले, की दिलेल्या प्रवाहाचा सुमारे ७५ टक्के भाग कातडी आणि कवटीतच अडतो किंवा वळतो. तरीही पृष्ठभागावरच्या उत्तेजनाचे पडसाद खोलात उमटू शकतात, याला पुरावा आहे. कॅनडात अँटोनियो स्ट्राफेला आणि सहकाऱ्यांनी २००१ आणि २००३ मध्ये निरोगी माणसांवर प्रयोग केले. मेंदूच्या पुढच्या आणि हालचालींच्या भागाला चुंबकीय स्पंद दिल्यावर त्या त्या भागाशी जोडलेल्या बेसल गँग्लियाच्या तुकड्यात डोपामाइन सुटल्याचे त्यांना स्कॅनमध्ये दिसले. म्हणजे कल्पनेला आधार आहे. आता रुग्णांमध्ये काय घडले ते पाहायचे.

इतिहासाची चाल सुरुवातीपासून एकसारखी आहे: आधी आशादायक छोटा अभ्यास, मग काटेकोर मोठा अभ्यास आणि मग आशेला लागलेली ओहोटी. १९९४ मध्ये पार्किन्सन्सच्या थोड्या रुग्णांत चुंबकीय उत्तेजनाने हाताचा वेग वाढल्याचे प्रसिद्ध झाले. १९९९ मध्ये दुसऱ्या गटाने तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तो लाभ मिळाला नाही. २०१० मध्ये २५ रुग्णांवर केलेल्या विद्युत उत्तेजनाच्या चाचणीत चालीत काही मापांनुसार अल्पकाळ सुधारणा दिसली. २०१६ मध्ये अमेरिका आणि कॅनडात ६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत हालचालींच्या भागाला दिलेल्या चुंबकीय उत्तेजनाने एकूण हालचालींचे गुण सुधारले. या आणि इतर अभ्यासांच्या जोरावर युरोपातील तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शिकेने पार्किन्सन्सच्या हालचालींसाठी या उपचाराला 'बहुधा परिणामकारक' असा ब दर्जा दिला. दर्जा योग्यच आहे, पण तो कशाला मिळाला हे नीट वाचले पाहिजे. तो हालचालींच्या एकूण गुणांना मिळाला आहे. आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या मापनश्रेणीत हालचालींसाठी कमाल १३२ गुण असतात; त्यांत चाल, पाय खिळणे आणि तोल या तिन्हींचे मिळून फक्त १२. बोटे भराभर उघडमीट करता आली, मनगटाचा ताठरपणा कमी झाला, तरी गुण सुधारतात आणि माणूस दारात तसाच अडकून राहू शकतो. हा दर्जा दाखवून कोणी चालणे सुधारण्याची हमी देत असेल, तर तो पुराव्याच्या पुढे जाऊन बोलत आहे.

चालण्यावरच नेम धरलेल्या चाचण्यांची गोष्ट अधिक बोलकी आहे. तेल अवीव आणि बोस्टन येथील संशोधकांनी एक सुबक तर्क मांडला. पाय खिळतात तेव्हा हालचालींचा आणि देखरेखीचा, असे दोन्ही भाग कमी पडतात. तर दोघांनाही एकाच वेळी उत्तेजन द्यावे. २०१८ मध्ये २० रुग्णांवर केलेल्या त्यांच्या अभ्यासात दोन्ही भागांच्या उत्तेजनानंतर पाय खिळवणाऱ्या कसोटीत रुग्ण अधिक चांगले चालले. एकाच भागाच्या उत्तेजनाने तसे झाले नाही. तर्क आणि निकाल जुळत होते. मग त्याच मंडळींनी, आणि हे त्यांच्या प्रामाणिकपणाला साजेसेच होते, ७७ रुग्णांवर वारंवार बैठकांची मोठी चाचणी घेतली. २०२१ मध्ये तिचा निकाल आला: मुख्य कसोटीवर खरे उत्तेजन आणि लुटुपुटूचे, म्हणजे नुसते दिखाऊ, उत्तेजन यांत फरक नव्हता. काही दुय्यम मोजमापांत आशेचा धागा उरला, पण दुय्यम मोजमापांतून पुढचा प्रश्न तयार होतो, उत्तर मिळत नाही. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लुटुपुटूच्या उत्तेजनाची तुलना या चाचणीत नसती, तर रुग्णांत दिसलेला प्रत्येक चांगला बदल विजेच्या खात्यावर जमा झाला असता.

पार्किन्सन्समध्ये ही तुलना इतर आजारांपेक्षा अधिक गरजेची का आहे, याचा धडा सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसमधून मिळतो. या आजाराला पार्किन्सन यांचे नाव ज्यांच्यामुळे रूढ झाले, त्या जाँ-मार्तँ शार्को यांच्या कानावर रुग्णांकडूनच आले, की आगगाडीच्या किंवा घोडागाडीच्या लांब, धक्के खाणाऱ्या प्रवासानंतर त्यांना बरे वाटते. शार्को यांनी थरथरणारी खुर्ची तयार करवून घेतली, रुग्णांना तीत बसवले आणि सुधारणा होते असे १८९२ मध्ये व्याख्यानातून सांगितले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि कल्पना अर्धवट राहिली. २०१२ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी तिची रीतसर चाचणी घेतली. २३ रुग्णांपैकी काहींना रोज अर्धा तास, चार आठवडे, आवाजाच्या साथीने थरथरणाऱ्या खुर्चीत बसवले. उरलेल्यांना तशाच खुर्चीत, थरथरीविना, शांत संगीत ऐकवले. दोन्ही गट सुधारले. दोघांत फरक नव्हता. शार्को यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. खुर्चीत बसलेले रुग्ण सुधारतच होते, फक्त त्याचे कारण खुर्चीची थरथर नव्हती. कारण काय असावे, याचे एक उत्तर २००१ मध्ये व्हँकुव्हरच्या संशोधकांनी दिले. 'औषध मिळते आहे' या अपेक्षेनेच पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामाइन सुटते, असे त्यांनी स्कॅनवर दाखवले. स्ट्राफेला यांच्या गटाला २००६ मध्ये लुटुपुटूच्या चुंबकीय उत्तेजनानंतरही तेच दिसले. या आजारात आशा आणि औषध एकाच रसायनाच्या वाटेने काम करतात. म्हणून इथे यंत्र जितके झगमगीत, तितकी तुलना कडक हवी.

मग विजेला जागा कोठे आहे? माझ्या मते ती सरावाच्या शेजारी आहे. टीडीसीएसचा प्रवाह पेशींना फक्त सज्ज करतो हे आपण पाहिले. शेतकऱ्याला वाफशाचे महत्त्व सांगावे लागत नाही; पण वाफसा आला म्हणून पीक येत नाही, त्या वेळात पेरणी करावी लागते. उत्तेजनाने फार तर मेंदूत असा वाफसा येईल. पेरणी पावलांची आहे. या तर्काला काही पुरावा आहे, काही विरोधही आहे. तैवानमध्ये २० रुग्णांवर केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गट ट्रेडमिलवर चालले. ज्यांना त्याआधी खरे चुंबकीय उत्तेजन मिळाले त्यांचे चालणे अधिक सुधारले. उलट ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६ जणांच्या अभ्यासात चालता चालता दुसरे काम करण्याचा सराव दोन्ही गटांना दिला. दोन्ही गट सुधारले आणि विजेने त्यात भर घातली नाही. जपानमधील नागोया येथे तर प्रवाह थेट पावलांच्या तालाशी जोडला गेला: रुग्ण चालत असताना लहान मेंदूला त्या त्या पावलाच्या वेळी उत्तेजन दिले, आणि २०२२ च्या निकालात चालीचा वेग आणि दोन्ही पावलांतला सारखेपणा सुधारलेला दिसला. हे अभ्यास छोटे आहेत. त्यांवरून उपचार ठरवता येत नाही. तरी त्यांच्याकडे एकत्र पाहिले तर एक गोष्ट उठून दिसते. तिन्ही ठिकाणी सराव होता, आणि वीज निष्प्रभ ठरली तिथेही सरावाने आपले काम केले होते.

सरावाचा स्वतःचा पुरावा याहून पुष्कळ भक्कम आहे. युरोपातील तीन देशांत १५३ रुग्णांच्या घरी जाऊन ताल आणि खुणा यांच्या साहाय्याने चालण्याचा सराव देणारी चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. चालीत आणि पाय खिळण्यात माफक सुधारणा झाली, आणि सराव थांबल्यावर ती ओसरली. हा ओसरण्याचा भाग मी मुद्दाम सांगतो, कारण सराव हीदेखील जादू नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत १९५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ताय-ची शिकलेल्यांचा तोल सुधारला आणि नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यांचे पडणे कमी झाले. २०१६ मध्ये, पार्किन्सन्सचे रुग्ण धरून पडण्याचा धोका असलेल्या ३०२ वृद्धांच्या चाचणीत, पडद्यावरचे अडथळे चुकवत ट्रेडमिलवर चाललेल्यांचे पुढच्या सहा महिन्यांतले पडण्याचे प्रमाण साध्या ट्रेडमिलवाल्यांपेक्षा ४२ टक्के कमी राहिले. या चाचण्यांनी मोजले काय, तेही पाहा: घरातले, रोजच्या जगण्यातले पडणे. मेंदू-उत्तेजनाच्या बहुतेक अभ्यासांत मोजमाप प्रयोगशाळेच्या सरळ मार्गिकेवर, बैठक संपल्यावर थोड्याच वेळात होते. तिथे वाढलेला वेग न्हाणीघराच्या दारापर्यंत टिकतो का, हे त्यातून कळत नाही. लक्ष देऊन चालायला सांगितले की पार्किन्सन्सचा माणूस डॉक्टरांसमोर बरा चालतो, हे तर सगळ्या घरांना माहीत आहे.

आता या मांडणीवरचे आक्षेप विचारात घेऊ. पहिला आक्षेप सहानुभूतीतून येतो: अपेक्षेने का होईना रुग्ण सुधारतो, तर त्याला ती सुधारणा नाकारायची का? मी ती नाकारत नाही. पण अपेक्षेचा लाभ यंत्राची मक्तेदारी नाही. मन लावून शिकवणारा फिजिओथेरपिस्ट, सोबत चालणारा गट, नृत्याचा वर्ग यांतूनही तो मिळतो, आणि सोबत सरावही घडतो. यंत्राला खोटे श्रेय देऊन त्याचे पैसे घेणे मात्र फसवणूक आहे, रुग्ण खूश असला तरीही. दुसरा आक्षेप अधिक शास्त्रीय आहे: सरासरीत लाभ दिसत नाही म्हणून प्रत्येकात तो नसतो असे नाही, कवटीची जाडी, आजाराचा टप्पा, गोळीची वेळ यांनी फरक पडणारच. हे खरे आहे. २०१४ मध्ये ५६ निरोगी व्यक्तींवर अशा तीन पद्धती वापरून पाहिल्या, तेव्हा कोणत्याही पद्धतीला अपेक्षित प्रतिसाद देणारे निम्म्याहून कमी निघाले. पण या युक्तिवादाची जबाबदारी तो करणाऱ्यांवरच येते. कोणाला लाभ होईल हे आधी सांगता आले आणि नव्या रुग्णांत ते खरे ठरले, तर तो शोध. चाचणी संपल्यावर सुधारलेल्यांना वेचून 'यांना लागू पडते' म्हणणे हे नुसते निवडून मोजणे आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. विद्युत उत्तेजनाचे यंत्र छोटे, स्वस्त आणि घरी नेण्याजोगे आहे. जिथे मेंदूविकारतज्ज्ञ नाहीत आणि फिजिओथेरपिस्टही नाहीत, तिथे तेच पोचू शकेल. मग त्याला विरोध करणे म्हणजे शहरी शुद्धतेचा हट्ट नव्हे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता, आणि वयोमान वाढते तशी ही संख्या वाढणार. आपल्याकडेही तो नवखा नाही. मुंबईच्या पारशी समाजात घरोघर जाऊन केलेल्या, १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले होते. तेव्हा उपाय स्वस्त आणि दूरवर पोचणारा हवा, यात वाद नाही. पण तोच निकष लावला तर आधी क्रमांक लागतो जमिनीवर चिकटवायच्या रंगीत पट्ट्यांचा, मोबाइलवरच्या तालाचा, आणि वळताना एकदम न फिरता मोठा वळसा घेण्याच्या शिकवणीचा. मूळच्या पुण्याच्या एका डिझायनर तरुणीने आपल्या आजारी काकांना जिना चढताना पाहून घरातल्या सपाट फरशीवर जिन्याचा भास होईल असे चित्र छापून पसरले होते, आणि त्यावरून ते चालू शकले, हे तिने जाहीर व्याख्यानात सांगितले आहे. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे स्वमदत गट शुभार्थींना, म्हणजे रुग्णांना, आणि त्यांच्या शुभंकरांना, म्हणजे काळजी घेणाऱ्यांना, एकत्र आणतात. मुंबईतही असे काम उभे आहे. ज्या गावात यंत्र पोचू शकते तिथे हे ज्ञान त्याहून आधी पोचू शकते. आणि यंत्र अगदी निर्धोकही नाही. चुंबकीय उत्तेजनाने क्वचित फिट येऊ शकते. डोक्यात धातू, श्रवणयंत्राचे रोपण किंवा मेंदूत बसवलेल्या तारा असतील तर धोका वाढतो. विद्युत उत्तेजनात चुकीच्या हाताळणीने कातडी भाजते. सर्वांत मोठी हानी वेळेची आणि पैशाची असते, कारण यंत्रावर खर्च झालेले महिने पायांच्या सरावातून वजा होतात.

शेवटचा आक्षेप असा, की लेव्होडोपा आणि खोल मेंदूतील तारा यांनाही आधी पुरेसे समजून घेतले नव्हते. लाभ दिसला म्हणून ते स्वीकारले. बरोबर आहे, आणि यंत्रणा कळल्याशिवाय उपचार नको असे माझे म्हणणे नाही. पण त्या दोन्ही उपायांचा लाभ एवढा ठसठशीत होता की जागेवर खिळलेला माणूस उठून चालला. बाहेरून दिलेल्या उत्तेजनाचा लाभ असलाच तर लहान आहे. लहान लाभाला दुर्लक्षून चालत नाही, पण तो डोळ्यांनी ओळखताही येत नाही. त्याला मोजणीच लागते.

म्हणून पुढच्या चाचण्यांकडून तीन गोष्टी मागाव्यात. दोन्ही गटांना सारखाच, चांगल्या प्रतीचा चालण्याचा सराव द्यावा, म्हणजे विजेने घातलेली भर वेगळी दिसेल. लुटुपुटूच्या उत्तेजनाची बेमालूम तुलना ठेवावी, आणि शेवटी रुग्णांना विचारावे की खरे उत्तेजन मिळाले असे त्यांना वाटते का; चुंबकीय यंत्राचा टकटक आवाज आणि डोक्याला होणारी हलकी थडथड खरे-खोटे सहज ओळखू देते. आणि मोजमाप घरात करावे: अंगावर लावलेल्या संवेदकांनी पावले आणि खिळण्याचे प्रसंग, आणि महिनोन्‌महिने पडण्याची नोंद. या तिन्ही कसोट्या पार करणारी पद्धत निघाली, तर ती मी आनंदाने स्वीकारीन, आणि कदाचित नागोयासारख्या पावलागणिक दिल्या जाणाऱ्या उत्तेजनातून ती निघेलही. तोपर्यंत संशोधनाबाहेर, चालणे सुधारण्याच्या आश्वासनावर या बैठका विकल्या जाऊ नयेत. संशोधनात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून पैसे घेतले जाऊ नयेत. आणि ज्या कुटुंबापाशी आज एकाच गोष्टीपुरते पैसे आणि वेळ आहे, त्याला डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगावे: गोळीची वेळ सांभाळा, आठवड्यातून निदान दोनदा चालण्याच्या शिकवणीला जा, घरातल्या अडणाऱ्या जागी पट्ट्या लावा, आणि यंत्रासाठी कर्ज काढू नका.